मदत हवी आहे: लेकीला यूकेत रेडिओथेरपी अँड ऑन्कॉलॉजी करायचंय, फी स्टेटस आणि पर्सनल स्टेटमेंटचा घोळ

लेस्टरकरीण

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आम्ही नोव्हेंबर 2021 ला नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर इकडे आलो. लेक आता ईयर 13 ला (शाळेचं शेवटचं वर्ष) आहे, ए लेव्हलला बायोलॉजी, मॅथ्स आणि सायकॉलॉजी, फिजिक्स नाहीये. तिला 2026 साठी बीएस्सी रेडिओथेरपी अँड ऑन्कॉलॉजीला, म्हणजे कॅन्सरवर रेडिएशनने उपचार करायच्या कोर्सला, अप्लाय करायचंय. एका युनिव्हर्सिटीच्या ओपन डेला तिथे भिंतभर पडद्यावर रेडिओथेरपीची अख्खी खोली थ्रीडी चष्मा लावून दाखवतात, मशीन फिरवायचं, पेशंटचं टेबल वरखाली करायचं, ते हातात घेतल्यापासून बाईसाहेब दुसरं काही ऐकायलाच तयार नाहीत.

घरी वेगळंच चाललंय. सासऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं की म्हणजे आपली पोर एक्स-रे काढणार का. धाकटे दीर सोलापूरला डॉक्टर आहेत, ते म्हणाले मेडिकल झेपत नसेल तर टेक्निशियन हो म्हणावं. ती इतकी भडकली की अर्धा तास खोलीतून बाहेर आली नाही. मला स्वतःला तिचं पटतंय पण उत्तर काय द्यायचं ते सुचत नाही.

तर प्रश्न असे की फिजिक्स नसताना घेतात का, पर्सनल स्टेटमेंटचा फॉरमॅट बदललाय म्हणे तर त्यात काय लिहायचं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे आमचं आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) नोव्हेंबर 2026 ला ड्यू आहे, मग तिला होम फी (इथल्या मुलांची) लागेल की ओव्हरसीज (बाहेरच्यांची)?

शिफ्टवरून_घरी

ताई, मी इथे एनएचएसमध्ये (इकडची सरकारी आरोग्यसेवा) थेरप्युटिक रेडिओग्राफर आहे, बरीच वर्षं झाली. आधी तुमच्या सासऱ्यांसाठी उत्तर: एक्स-रे काढणारे ते डायग्नॉस्टिक रेडिओग्राफर, ते वेगळे. आम्ही कॅन्सर पेशंटला रेडिएशनची ट्रीटमेंट देतो. डॉक्टर, म्हणजे इकडचे क्लिनिकल ऑन्कॉलॉजिस्ट, किती डोस कुठे द्यायचा ते ठरवतात, फिजिक्सवाले आणि डोसिमेट्रिस्ट (डोसचा हिशोब करणारे) प्लॅन बनवतात, आणि रोज पेशंटला टेबलावर मिलिमीटरच्या हिशोबाने झोपवून, स्कॅन करून, प्लॅनशी जुळवून बीम चालू करतो तो आम्ही. एचसीपीसीचं (आमच्यासारख्यांची नोंदणी करणारी संस्था) रजिस्ट्रेशन असल्याशिवाय हे टायटल लावणंसुद्धा गुन्हा आहे. सुरुवात एनएचएसच्या पगाराच्या बँड 5 ला होते, 2025-26 ला तो वर्षाला 31 हजार पौंडांच्या आसपास होता. दिरांना एवढंच सांगा की ऑन्कॉलॉजिस्ट व्हायचं तर मेडिकलच करावं लागतं, हा त्याचा शॉर्टकट नाही, वेगळं काम आहे.

फिजिक्सचं टेन्शन घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी एक सायन्स मागतात आणि बायोलॉजी चालते, ऑफर साधारण ए लेव्हलच्या तीन विषयांत बी-बी-सी ते बी-बी-बी ग्रेडच्या आसपास. पण प्रत्येक युनिव्हर्सिटीचं पान उघडून बघा, काही ठिकाणी सायकॉलॉजी सायन्समध्ये धरतात, काही नाही धरत. पहिल्या वर्षी रेडिएशन फिजिक्स आहेच आणि ते सोपं नाही, मॅथ्स आहे म्हणजे निभेल. शेफिल्ड हॅलम, हर्टफर्डशायर, यूडब्ल्यूई ब्रिस्टल, बर्मिंगहॅम सिटी, लिव्हरपूल ही नावं बघून ठेवा. ग्लासगो कॅलेडोनियनला पण आहे पण स्कॉटलंडला ऑनर्स डिग्री चार वर्षांची असते.

स्टेटमेंटबद्दल. 2026 एन्ट्रीपासून एक सलग निबंध नाही, तीन प्रश्न आहेत: हा कोर्स का, अभ्यासातून काय तयारी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केलं. मिळून 4000 कॅरेक्टर्स, प्रत्येकाला कमीत कमी 350. आता एक स्पष्ट बोलते, राग मानू नका. घरात कोणाला तरी कॅन्सर झाला आणि मला मदत करायची इच्छा झाली, हे वाचून वाचून ॲडमिशनवाल्यांचे डोळे थकलेत. लिहू नको असं नाही, पण दोन वाक्यांत आटप आणि पुढे जा म्हणावं. त्यापेक्षा डिपार्टमेंट बघून ये आणि काय दिसलं ते लिही. उदा. प्रोस्टेटच्या पेशंटला ब्लॅडर भरलेलं लागतं म्हणून ठराविक पाणी पिऊन बसवतात, आणि समजा आधीचा पेशंट लांबला तर तो बिचारा वेटिंगमध्ये पाय आवळून बसलेला असतो, अशा वेळी त्याच्याशी कसं बोलायचं हे अर्धं काम आहे. किंवा हेड अँड नेकचा मास्क, प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढून बसवतात, काही मिनिटांत कडक होते, आणि त्याच मास्कने पेशंटला दर ट्रीटमेंटला टेबलाला जखडतात. ज्याला बंद जागेची भीती वाटते त्याचं काय होत असेल? तुझी सायकॉलॉजी इथे कामाला येते, हे तिच्या लक्षात आणून द्या, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

आणि ब्रेस्ट कॅन्सरचं एक वाचून ठेवू दे. पूर्वी 15 फ्रॅक्शन्स (रेडिएशनच्या बैठका) द्यायचे, 2020 ला फास्ट-फॉरवर्ड ट्रायलचे रिझल्ट आल्यापासून बहुतेकांना 5 मध्ये, एकूण 26 ग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप). पेशंटच्या फेऱ्या किती वाचल्या बघा. इंटरव्ह्यूला असं काही बोलता आलं तर समोरच्याला कळतं की पोरीने खरंच वाचलंय.

वहिनी_बर्मिंगहॅम

फीचं मी सांगते कारण आमच्याकडे हे सगळं थोरल्याच्या वेळी झालंय. वाईट बातमी अशी की स्टुडंट फायनान्स इंग्लंड (विद्यार्थ्यांना सरकारी लोन देणारे) तुमचं स्टेटस ज्या तारखेला बघतात ती कोर्स सुरू होणाऱ्या ॲकॅडेमिक इयरचा पहिला दिवस. सप्टेंबरचा कोर्स म्हणजे 1 सप्टेंबर 2026. त्या दिवशी मुलीकडे आयएलआर नाही तर डिपेंडंट व्हिसावर लोन नाही, आणि युनिव्हर्सिटी बहुतेक ओव्हरसीज फी लावणार. 7 वर्षं राहिलेल्या 18 च्या आतल्या मुलांसाठी वेगळा नियम आहे पण तुमची 7 होत नाहीत. होम फी 2025-26 ला वर्षाला 9,535 पौंड होती, ओव्हरसीज त्याच्या दुपटीच्या आसपास नाहीतर वरच, हिशोब करा. शिवाय एनएचएस लर्निंग सपोर्ट फंडचे वर्षाला 5000 आणि रेडिओग्राफीला मिळणारे वरचे 1000, दोन्ही फुकटचे पैसे, परत करायचे नाहीत, तेही स्टुडंट फायनान्सला पात्र असलेल्यांनाच.

म्हणून माझं मत, दोन महिन्यांसाठी तीन वर्षांची जास्तीची फी भरू नका. एक वर्ष थांबा. यूकासवर (युनिव्हर्सिटी प्रवेशाचा कॉमन फॉर्म) डिफर्ड एन्ट्री, म्हणजे एक वर्ष उशिरा सुरुवात, टाकता येते, पण युनिव्हर्सिटीला आधी विचारा कारण एनएचएस प्लेसमेंटचे कोर्स असल्याने सगळे डिफर करू देतातच असं नाही. आणि ती 18 ची झाली की तिला आयएलआरसाठी लाईफ इन द यूके टेस्ट स्वतः द्यावी लागेल, ते आत्ताच उरकून टाका. सेटलमेंट, म्हणजे आयएलआरसाठीची मुदत, 5 वरून 10 वर्षं करायचा प्रस्ताव सरकारने मे 2025 च्या व्हाईट पेपरमध्ये मांडलाय, त्यामुळे सॉलिसिटरशी बोलून ठेवा, इथल्या कोणाच्या भरवशावर राहू नका, माझ्यासुद्धा.

परळकर

मुंबईतून. दिरांना सांगा की आमच्याकडेही ओपीडीत रांग लागते ती मशीनच्या दारासमोर, आणि त्या दाराआड जो पेशंटला लावतो त्याचा हात चुकला की डॉक्टरचा प्लॅन कितीही भारी असो, उपयोग शून्य. इथेही ते टेक्नॉलॉजिस्टच करतात. बाकी पोरीला शुभेच्छा.

लेस्टरकरीण

सगळ्यांचे खूप आभार. वहिनी, तुमचं वाचून पोटात गोळाच आला पण बरं झालं आत्ता कळलं. लेकीला दाखवलं, ती म्हणते एक वर्ष घरी बसून काय करू. दुसरा काही मार्ग आहे का?

शिफ्टवरून_घरी

घरी कशाला बसायचं? डिपेंडंटला काम करता येतं, हॉस्पिटलमध्ये हेल्थकेअर असिस्टंटच्या जागा निघतात, आमच्याकडे तर डिपार्टमेंटलाच सपोर्ट वर्कर असतात. पेशंटला उठवणं बसवणं, कपडे बदलायला मदत, आणि दुःखी माणसाशी हवापाण्याच्या गप्पा. ते वर्ष वाया जाणार नाही, स्टेटमेंटच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आयतं तयार.

दुसरं, डिग्री अप्रेंटिसशिप बघा. थेरप्युटिक रेडिओग्राफरची आहे, पगार घेत शिकायचं आणि फी मुलांकडून घेत नाहीत. महत्त्वाचं म्हणजे तिच्या फंडिंगचे निवासाचे नियम स्टुडंट फायनान्सपेक्षा वेगळे आहेत, सेटल्ड (आयएलआर मिळालेलं) असायलाच हवं असं नाही, तीन वर्षं इथे कायदेशीर राहिलेलं आणि कामाची परवानगी हे बघतात. तुमची तीन होऊन गेलीत. पण जागा अगदी मोजक्या, एनएचएस जॉब्जवर अलर्ट लावून ठेवा आणि ट्रस्टला लेखी विचारून घ्या. यूकासचाही फॉर्म भरा, 14 जानेवारी 2026 ला संध्याकाळी 6 पर्यंत, पाच चॉइस असतात.

लेस्टरकरीण

अप्रेंटिसशिप म्हटल्यावर लेक खोलीतून धावतच आली 😄 शेवटचा एक प्रश्न, डिपार्टमेंट व्हिजिट मिळवायची कशी? आमच्या जवळच्या हॉस्पिटलला फोन केला तर ऑपरेटरने तीनदा एक्स-रेला जोडून दिलं.

शिफ्टवरून_घरी

हाहा, सासऱ्यांची गँग सगळीकडे आहे. फोन नको, मेल करा, आणि तो तुम्ही नाही, लेकीने स्वतः करायचा. रेडिओथेरपी डिपार्टमेंटच्या प्रॅक्टिस एज्युकेटरला (विद्यार्थ्यांचं प्रशिक्षण बघणारे) लिही म्हणावं, नाव नसलं तरी चालेल. कोणत्या कोर्सला अप्लाय करतेय, कोणते वार मोकळे आहेत, एवढं लिही, पाच ओळी बास. 16 च्या पुढची आहे हे नक्की लिही, कित्येक ठिकाणी त्याशिवाय आत सोडत नाहीत. आठवडाभर उत्तर नाही आलं तर परत एक मेल, लाजायचं नाही, आमच्या इनबॉक्समध्ये गोष्टी खरंच हरवतात. जायच्या दिवशी आरामाचे शूज घालू दे, दिवसभर उभंच राहावं लागतं.