डोनर दोन मिळालेत, ब्लड ग्रुप जुळणारा घ्यायचा की तरुण?

कळव्याची_ताई: धाकट्या भावाला एएमएल (रक्ताचा कॅन्सर) आहे, वय ३१, केमोने रेमिशन आलंय, म्हणजे आजार आटोक्यात आहे, आणि आता डॉक्टर बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतायत. सख्खी मी एकटीच आणि माझं मॅच निम्मंच निघालं. डोनर रजिस्ट्रीतून दोन डोनर मिळालेत, दोघंही १०/१० मॅच. नावगाव सांगत नाहीत. एक ४३ वर्षांच्या बाई, दोन मुलं, ग्रुप भावाचाच ओ पॉझिटिव्ह. दुसरा २४ चा मुलगा, बी पॉझिटिव्ह. डॉक्टर मुलाकडे झुकतायत पण आमचे मोठे काका अडून बसलेत, रक्तच वेगळं तर अंगी लागणार कसं म्हणून. काय सांगू त्यांना?

खारघरवाली: ताई, माझ्या मिस्टरांचं चार वर्षांपूर्वी झालं. आधी ए पॉझिटिव्ह होते, डोनर ओ, आता हेही ओ! जुनं कार्ड पाकिटात तसंच ठेवलंय, टाका म्हटलं तरी टाकत नाहीत. नवीन मॅरो रुजला की रक्त डोनरच्या ग्रुपचं होतं, म्हणून ग्रुपवर अडत नाही.

ऐरोली_लॅबवाला: एचएलए टायपिंगच्या लॅबमध्ये आहे, एचएलए म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, डोनर जुळवताना त्याच बघतात. ग्रुपचं जीन नवव्या क्रोमोसोमवर, एचएलएचे सहाव्यावर, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. १०/१० म्हणजे ए, बी, सी, डीआरबी१, डीक्यूबी१ यांच्या दोन-दोन प्रती जुळल्या, खरी लढाई तिथेच जिंकलीत. त्यानंतर वय बघतात, तरुण डोनर बरा. आणि बाळंतपणात बाईच्या पेशी बाळाच्या परक्या पेशी ओळखायला शिकलेल्या असतात, त्यामुळे पुरुष पेशंटला जीव्हीएचडीचा, म्हणजे डोनरच्या पेशी पेशंटच्या शरीरावरच उलटण्याचा, धोका थोडा वाढतो. मात्र ओ पेशंटला बी डोनर म्हणजे भावाच्या रक्तात बी विरुद्ध अँटीबॉडी आहेतच, म्हणून लागेल तशा डोनरच्या पेशींच्या पिशवीतल्या लाल पेशी काढून टाकतात, शिवाय नंतर हिमोग्लोबिन उशिरा चढतं, रक्ताच्या पिशव्या जास्त लागू शकतात, त्याची तयारी ठेवा. भावाचं आणि डोनरचं सीएमव्ही (अंगात लपून राहणारा एक व्हायरस) विचारलंत का?

घोडबंदर_रोड: बाईंना लगेच नाही कळवू नका हां, बॅकअप राहू दे. मी स्वतः डोनर होतो. गालाचा स्वॅब देऊन विसरलो होतो, दोन वर्षांनी फोन आला तेव्हा आई म्हणाली पाठीतून सुई घालणार, नको जाऊस. पाठीत काही नाही हो, मॅरोतल्या मूळ पेशी रक्तात उतरवणारी जीसीएसएफची इंजेक्शनं पाच दिवस, कंबर अशी ठणकली की लोकलमध्ये उभं राहवेना, मग दोन्ही हातांना नळ्या लावून चारेक तास मशीनवर. पण ऐनवेळी घरचे अडवतात आणि पोरं मागे सरतात, किंवा तपासणीत काही निघतं.

कळव्याची_ताई: सीएमव्ही विचारलं, भाऊ पॉझिटिव्ह, मुलगाही पॉझिटिव्ह, डॉक्टर म्हणाले चांगलंच आहे. बाई बॅकअपला ठेवल्या. काकांना सगळं वाचून दाखवलं, क्रोमोसोमला जांभया दिल्या, पण खारघरवाली, ते विचारतायत मिस्टरांचं ते जुनं कार्ड बघायला मिळेल का 😅