मदत हवी आहे: ज्येष्ठ मंडळींना व्हिएन्नाहून एका दिवसात मेल्क आणि ड्युर्नश्टाइन दाखवायचं आहे

सायली_व्हिएन्ना

नमस्कार मंडळी,

जुलैत पुण्याहून आई-बाबा आणि त्यांचा सकाळी टेकडीवर जाणारा ग्रुप व्हिएन्नाला येतोय. मला धरून १८ जण. बहुतेक साठी ओलांडलेले, दोघं पंचाहत्तरीच्या घरातले, एका काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बाकीचे दिवस टूर कंपनीने ठरवलेत, मधला एक शनिवार मात्र माझ्याकडे आहे. "कुठेही ने, पण खिडकीतून गाव दाखवू नकोस, पायी फिरव," एवढीच बाबांची अट.

फोटो बघून सगळ्यांना हॉलश्टाट हे तळ्याकाठचं गाव हवं होतं. पण व्हिएन्नाहून तिथे जायलाच साडेतीन तासांच्या आसपास लागतात, अट्नांग-पुखहाइमला गाडी बदलायची, आणि स्टेशन तळ्याच्या पलीकडे असल्याने शेवटी बोट. या वयाच्या लोकांचे सात तास प्रवासात घालवणं मला पटत नाही. म्हणून मी वाखाउ ठरवलं. मेल्क ते क्रेम्स हा डॅन्यूबचा ३६ किलोमीटरचा पट्टा, दोन्हीकडे द्राक्षांचे मळे, काठावर छोटी जुनी गावं. व्हिएन्नाहून रेल्वेने सव्वा तासाच्या आत-बाहेर.

आता अडचण अशी की मेल्कचा मठ, बोट, ड्युर्नश्टाइनचा किल्ला आणि क्रेम्सचं जुनं गाव हे सगळं एका दिवसात बसवावं असं ग्रुपमधल्या उत्साही काकांचं म्हणणं आहे. मला ते जमेलसं वाटत नाही, पण नाही म्हणायच्या आधी तिथे माणसं घेऊन गेलेल्यांचं ऐकायचंय.

सुरुवात मेल्कने करावी की क्रेम्सने? मठात जिने किती आहेत? ड्युर्नश्टाइनच्या किल्ल्यावर चढवावं का? पाच जण पक्के शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. त्यांचं जेवण कसं करावं? आणि १८ जणांना रेल्वे बरी की छोटी बस ठरवू? या लोकांनी आयुष्यभर मुलांच्या सोयीने सुट्ट्या काढल्या. हा दिवस त्यांच्या चालीने व्हावा असं मनापासून वाटतं.

डॅन्यूबकाठी

सायली, सुरुवात मेल्कनेच करा. बोट मेल्कहून क्रेम्सकडे प्रवाहाबरोबर जाते, पावणेदोन तासांत पोचते. उलट्या दिशेने तोच प्रवास तीन तासांच्या आसपास जातो. मोकळ्या लोकांना ते छान वाटेल, तुमच्या दिवसाचा मात्र सगळा मध्यभाग त्यात जाईल.

शनिवार आहे हे उत्तम. ऑस्ट्रियन रेल्वेचं 'आइनफाख राउस' तिकीट २ ते ५ जणांना मिळून एक असतं. आठवड्याच्या दिवशी ते सकाळी ९ नंतर चालतं, शनिवार-रविवारी पहाटेपासून. तुम्हाला चार तिकिटं लागतील. फक्त प्रादेशिक गाड्यांना चालतं, रेलजेट या वेगवान गाडीला नाही, तेव्हा व्हिएन्नाच्या वेस्टबानहोफ स्टेशनहून मेल्कची साधी गाडी पकडा. प्रत्येक तिकीट त्या-त्या गटातल्या एकाकडे द्या आणि ते लोक एकत्र बसतील असं बघा. सगळी तिकिटं तुमच्या पर्समध्ये आणि माणसं तीन डब्यांत, असं झालं की तपासनीस आल्यावर धावपळ होते.

मठ सकाळी ९ ला उघडतो. स्टेशनवरून समोरच वर दिसतो, पण चढ आहे, आजी-आजोबांच्या चालीने वीस मिनिटं धरा. काकूंसाठी टॅक्सी सांगून ठेवा. आत मठाच्याच गाइडबरोबरची इंग्रजी फेरी आधी नोंदवा. बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाचे साधू इथे १०८९ पासून आहेत. आज दिसते ती पिवळी बरोक इमारत याकोब प्रांटटाउअरच्या आराखड्याने १७०२ पासून बांधत गेली. ग्रंथालय बघून चर्चमध्ये उतरताना अरुंद गोल जिना लागतो. गुडघेवाल्यांना दुसरी वाट कुठली, हे नोंदणीच्या वेळीच विचारा. ऐनवेळी गर्दीत उलटं फिरणं कठीण जातं.

जेवून दुपारची बोट घ्या. ग्रुपची जागा आधी सांगा आणि वेळापत्रक त्याच वर्षीचं बघा. निघाल्यावर आधी उजव्या बाजूला बसा: श्योनब्युहेलचा वाडा आणि उंच कड्यावरचा आगश्टाइनचा पडका किल्ला तिकडेच दिसतात. मग डावीकडे या. विलेनडॉर्फ येईल, जिथे १९०८ मध्ये ती ११ सेंटिमीटरची दगडी स्त्रीमूर्ती सापडली (मूर्ती व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे, त्यांच्या शहरफेरीत असेल तर दुवा जुळेल). पुढे श्पिट्स, वाइसनकिर्शन, आणि मग ड्युर्नश्टाइनचा निळा-पांढरा मनोरा.

क्रेम्स सोडून द्या. तिथून फक्त गाडी पकडा.

भटक्या_लिंझ

मी बस सुचवणार होतो. १८ जणांना छोटी बस परवडते आणि औषधं, पाणी, छत्र्या बसमध्ये राहतात. पण बस घेतली की बोटीचा प्रवास चुकतो किंवा बस रिकामी पुढे पाठवावी लागते. बाबांची अट बघता रेल्वेच बरी.

किल्ल्याबद्दल. गावातून वर जायला वीस ते तीस मिनिटं, वाट खडकाळ आणि चढ खडा. जुलैच्या दुपारी सगळ्यांना नेऊ नका. ग्रुपचे दोन भाग करा: टेकडीवाले वर, बाकीचे खाली ड्युर्नश्टाइनच्याच मठाच्या गच्चीवर नदीकडे तोंड करून. हे बोटीतच जाहीर करा, म्हणजे वर न जाणाऱ्यांना मागे राहिल्यासारखं वाटणार नाही.

गोष्ट मात्र सगळ्यांना सांगा, आणि ती बोटीतून किल्ला दिसायला लागला की सांगा. तिसऱ्या क्रुसेडमध्ये (ख्रिस्ती धर्मयुद्धात) आक्र हे बंदर जिंकल्यावर इंग्लंडचा राजा रिचर्ड याच्या लोकांनी ऑस्ट्रियाच्या ड्यूक लिओपोल्ड पाचव्याचं निशाण खाली फेकलं. डिसेंबर ११९२ मध्ये रिचर्ड वेश बदलून परतताना व्हिएन्नाजवळ पकडला गेला आणि याच किल्ल्यात कैदेत पडला. पुढे सम्राट हेन्री सहाव्याच्या ताब्यात गेला. खंडणी इतकी मोठी होती की लिओपोल्डच्या वाट्यातून व्हिएन्नाची तटबंदी वाढली आणि वीनर नॉयश्टाट हे नवं गाव वसलं. म्हणजे तुमची मंडळी रोज ज्या रिंगरस्त्यावरून फिरतील, त्या जागेवरच्या जुन्या तटात रिचर्डचे पैसे होते. किल्ला १६४५ मध्ये स्वीडिश सैन्याने उडवला. आपल्याकडे तेव्हा शिवरायांच्या स्वराज्याची सुरुवात होत होती. पुण्याच्या गडप्रेमींना हे साल सांगितलं की काळ लगेच डोळ्यांसमोर येतो.

सायली_व्हिएन्ना

खूप आभार! किल्ल्यासाठी ग्रुपचे दोन भाग करायचे हे डोक्यात आलंच नसतं. जेवणाचं कोणी सांगेल का?

मनीषा_ग्राट्स

आमच्याकडेही अंडं चालत नाही, म्हणून सांगते. मेनूवर शाकाहारी लिहिलेलं असलं तरी श्पेट्झलं (पिठाच्या छोट्या शेवया) आणि बहुतेक क्न्योडेलमध्ये (उकडलेल्या गोळ्यांमध्ये) अंडं असतं. वाखाउची खासियत म्हणजे मारिलेनक्न्योडेल: अख्खा जर्दाळू पिठात गुंडाळून उकडतात आणि लोण्यात परतलेल्या ब्रेडच्या चुऱ्यात घोळवतात. बाकीच्यांना नक्की खिलवा, पण त्या पाच जणांसाठी पिठात अंडं आहे का ते प्रत्येक ठिकाणी विचारा. उकडलेले बटाटे, सॅलड, भाज्या, चीज मिळतं. मेल्कच्या हॉटेलला आधी फोन करून १८ जणांचं टेबल आणि पाच बिनअंड्याच्या ताटांची खात्री करून घ्या. शनिवारी आयत्या वेळी एवढी जागा मिळत नाही.

त्याशिवाय ठेपले, दशम्या, लोणचं बरोबर ठेवा. ड्युर्नश्टाइनला वाखाउअर लाबर्ल हा कुरकुरीत गोल पाव मिळतो, त्याच्याबरोबर आपलं लोणचंही चालतं. तुमची तारीख जुलैच्या मध्याला असेल तर जर्दाळूचा हंगाम असेल, रस्त्याकडेला टोपल्या दिसतील. कोणाची आषाढीची एकादशी आली तरी सोय झालीच. सुटी नाणी जवळ ठेवा, बऱ्याच ठिकाणी स्वच्छतागृहाला लागतात.

आणि एक, गैरसमज नको. पैसे घेऊन गाव दाखवणं हा ऑस्ट्रियात परवाना लागणारा व्यवसाय आहे. तुम्ही घरच्या माणसांना हौसेने नेताय, त्याला काही हरकत नाही. पण उद्या टूर कंपनी "ताई, पुढच्या ग्रुपलाही न्या, मानधन देतो" म्हणाली तर आधी नियम बघा.

डॅन्यूबकाठी

परतीचं राहिलं. ड्युर्नश्टाइन ते क्रेम्स फक्त आठेक किलोमीटर. ७१५ नंबरची बस किंवा हंगामात चालणारी वाखाउबान ही छोटी रेल्वे. शनिवारी संध्याकाळी बसला गर्दी असते, एकाच वेळी १८ जण चढतील असं धरू नका. दोन बसमध्ये विभागायची तयारी ठेवा आणि दुसऱ्या तुकडीबरोबर तुम्ही स्वतः थांबा. क्रेम्सहून व्हिएन्नाचं फ्रान्झ-योझेफ्स-बानहोफ स्टेशन तासाभराच्या थोडं वर, तीच तिकिटं चालतात. व्हिएन्नात तुम्ही सुटता वेस्टबानहोफहून आणि उतरता दुसऱ्याच स्टेशनवर, हे सगळ्यांना सकाळीच सांगा. रुग्णवाहिकेचा नंबर १४४, तो आणि तुमचा नंबर प्रत्येकाच्या खिशात कागदावर हवा. फोनची बॅटरी दुपारनंतर फोटोंत संपते.

सायली_व्हिएन्ना

क्रेम्स रद्द. उत्साही काकांना फोन केला, किल्ल्यावर जाणाऱ्या तुकडीचं नेतृत्व त्यांच्याकडे दिलंय, ते लगेच तयार झाले. आज मठाला आणि बोटीला मेल पाठवते. मेल्कला बिनअंड्याचं ताट खात्रीने देणारं हॉटेल कोणाला माहीत असेल तर इथेच लिहा.