मॅडिसनमधला माझा पहिला वसंत: परीक्षेआधी काय काय बघू?

वऱ्हाडकन्या:
मी अकोल्याची. ऑगस्टपासून इथे, अमेरिकेतल्या मॅडिसनला, विस्कॉन्सिन विद्यापीठात एमएस करतेय. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वाढलेल्या माणसाला उणे पंचवीस म्हणजे काय, ते सांगून कळत नाही. श्वास घेतला की नाकातले केस गोठतात. पण मला थंडीपेक्षा अंधार जास्त जड गेला. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळायचा, लॅबमधून बाहेर पडावं तर रात्रच. पाडव्याला खिडकीशी गुढी उभारली तेव्हाही अंगणात बर्फ होता.

आणि या आठवड्यात सगळं पालटलं! काल मेंडोटा तळ्याच्या काठाने चालत होते. बर्फ काळपट पडून सुटलाय आणि वाऱ्याने काठाशी लोटलाय. वाकून बघितलं तर सलग लादी नाहीच. बोटाएवढ्या काचेच्या कांड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. लाट आली की सगळ्या किणकिणायच्या. पलीकडे पाणगवतात लाल खांद्यांचे काळे पक्षी ओरडत होते. मी कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले. घरी निघाले तेव्हा साडेसात वाजले होते आणि अजून उजेड होता. आईला व्हिडिओ कॉल लावून नुसतं आकाश दाखवलं.

मे महिन्याच्या सुरुवातीला परीक्षा आहे. त्याआधी काय बघायलाच हवं? गाडी नाही, बस आणि पाय आहेत.

तळ्याकाठचा:
अभिनंदन, पहिला हिवाळा निभावलास! तळ्यावरचा बर्फ सुटला की नाही हे ठरवायची इथली जुनी रीत म्हणजे काठावरच्या पिकनिक पॉइंटपासून पलीकडच्या मेपल ब्लफपर्यंत होडी जाते का ते बघायचं. १८५०च्या दशकापासूनच्या नोंदी आहेत. तेव्हाच्या मानाने आता बर्फ बराच कमी दिवस टिकतो, ते मात्र मनाला लागतं.

विद्यापीठाच्या मेमोरियल युनियनच्या तळ्याकाठच्या टेरेसवर हिरव्या, पिवळ्या, केशरी पत्र्याच्या खुर्च्या मांडल्या की वसंत आला म्हणायचं. अभ्यासाची पुस्तकं तिथेच ने. मी जानेवारी २०१९ची थंडी इथे काढलीय, पारा उणे ३२ पर्यंत उतरला होता. त्यानंतर त्या खुर्चीत बसून अंगावर घेतलेलं ऊन अजून आठवतं.

जाड जॅकेट इतक्यात आत टाकू नकोस. एप्रिलमध्ये बर्फ पडतोच.

मिडवेस्टची काकू:
अगं, आर्बोरेटमला, विद्यापीठाच्या वृक्षोद्यानात जा! तिथल्या लाँगेनेकर बागेत एप्रिलअखेरीस मॅग्नोलिया फुलतो. आत्ताच गेलीस तर करड्या लवेच्या कळ्या दिसतील, हात लावून बघ, मांजराच्या पिल्लाच्या कानासारख्या मऊ असतात. पान एकही नसतं आणि झाड फुलांनी भरतं. मग रानसफरचंदं फुलतात आणि मेच्या मध्याला लायलॅक. लायलॅकसाठी परीक्षा संपल्यावर एक अख्खी सकाळ ठेव. वास लांबूनच येतो. गवतात मात्र पायमोजे वर ओढून चाल आणि घरी आलीस की अंग तपासून बघ, इथे गोचिडांमुळे ‘लाइम’ नावाचा आजार होतो.

शनिवारी कॅपिटॉलभोवतीचा, म्हणजे राज्याच्या विधानभवनाभोवतीचा, शेतकरी बाजार चुकवू नकोस. सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, आपल्या प्रदक्षिणेच्या बरोबर उलट. मेमध्ये शतावरीचे कोंब येतात आणि रुबार्ब या आंबट भाजीचे लालचुटूक देठ. मी त्याचा गूळ-मेथ्या घालून मेथांबा करते, कैरीची आठवण भागते. पानं विषारी असतात, देठच घ्यायचे.

वऱ्हाडकन्या:
काकू, मेथांबा! उद्याच गूळ शोधते. बाल्कनीत मिरचीची रोपं आत्ता लावली तर चालतील का?

मिडवेस्टची काकू:
मिरची, टोमॅटो मेच्या मध्यापर्यंत घरातच, खिडकीत ठेव; रात्री अजून दहिवर गोठतं. मेथी-कोथिंबीर मात्र आत्ता पेरलीस तरी चालेल.

तळ्याकाठचा:
आणि पुढच्या मार्चमध्ये मेपलच्या झाडाचा रस काढतात तो बघ. रात्री गोठण आणि दिवसा वितळण असेल तेव्हाच रस वाहतो. साधारण ४० लिटर आटवल्यावर १ लिटर पाक मिळतो. यंदाचा हंगाम संपला.

वऱ्हाडकन्या:
लिहून ठेवलं. या शनिवारी सकाळी बाजाराला जातेय, मॅडिसनमधलं कोणी येणार असेल तर इथेच सांगा. मेथ्या माझ्याकडे आहेत.