स्लॅबमधल्या (सीलबंद प्लास्टिकच्या डबीतल्या) नाण्याचा प्रमाणपत्र क्रमांक लोक का झाकतात? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घ्यायचा विचार आहे. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून बदनाम झालेला, तोच. एका विक्रेत्याने फोटो पाठवले: पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीचा स्लॅब, एमएस ६३ ग्रेड (म्हणजे चलनात न वापरलेलं नाणं, ७० पैकी ६३), पण लेबलवरचा क्रमांक आणि बारकोड दोन्ही काळ्या पट्टीखाली! आता बघतो तर बरेच जुने संग्राहकही असंच करतात.

बनावट स्लॅबची भीती हे कारण मला पटतं. खऱ्या नाण्याचा क्रमांक उचलून नकली लेबलवर छापला की कंपनीच्या साइटवर तो बरोबरच निघतो. दुसरं असं ऐकलं की तिथल्या सेट रजिस्ट्रीत (संग्राहक आपापले संच नोंदवतात ती यादी) कोणी भलताच तुमचा क्रमांक आपल्या नावावर टाकून बसतो, मग खऱ्या मालकाला भांडत बसावं लागतं. आणि क्रमांकावरून जुना लिलाव सापडला तर खरेदीची किंमतही उघडी पडते. (माझ्या मते विक्रेत्यांचं खरं दुखणं हेच असावं.)

पण नाणं नुसतं मिरवायला टाकलंय आणि विकायला काढलंय, यात फरक नको का? क्रमांकच नसेल तर साइटवरचा फोटो समोरच्या नाण्याशी ताडून कसा बघणार? टोनिंग (नाण्यावर चढलेली रंगछटा), ओरखडे जुळवायचे तरी कशाशी?

पैसे देण्याआधी क्रमांक खाजगीत मागणं रीतीला धरून आहे ना? आणि तरीही नाही म्हणाला तर तुम्ही व्यवहार सोडता का? ज्यांनी असे ग्रेडेड रुपये घेतलेत त्यांनी कृपया सांगा.