मागच्या बाजूचं काँक्रीट खचलंय, भेग दोनदा भरली तरी परत उघडते

अंगणवाली

नमस्कार मंडळी. घराच्या मागे भिंतीला लागून काँक्रीटची पट्टी आहे, अंदाजे 1.2 मीटर रुंद आणि 6 मीटर लांब, घर बांधलं तेव्हाच ओतलेली, जाडी चार इंच असावी. कोपऱ्यापासून दोन मीटरवर तिला आडवी आरपार भेग पडलीये आणि कोपऱ्याकडचा तुकडा खाली बसलाय, पट्टी ठेवून मोजलं तर 9 मिमी फरक, अनवाणी चाललं की ठेच लागतेच. शिवाय तो तुकडा आता भिंतीकडे कललाय, पाणी टाकलं की भिंतीकडेच धावतं, आणि भिंतीच्या कडेला बोट जाईल एवढी फट झालीये.

गेल्या वर्षी सिमेंटचं पातळ पाणी करून भेगेत ओतलं होतं, मस्त बसलं असं वाटलं, पावसाळा संपता संपता परत उघडलं. मग ट्यूबमधली क्रॅक फिलर पेस्ट आणून भरली, ती एका बाजूने सुटली, आता नखाने निघते. एक मिस्त्री म्हणतो वरून इंचभर माल टाकून लेव्हल करून देतो, दुसरा म्हणतो सगळं फोडा, आणि मी तिसरीकडे ते खालून फोम भरून स्लॅब उचलायचे व्हिडिओ बघत बसलेय. नक्की काय करू? घराला धोका आहे का हे पण सांगा, अगदी झोप उडालीये असं नाही पण डोक्यात राहतं.

पाणसळ

वरून माल टाकू नका भाऊ, बाकी नंतर बोलू. इंचभर थर जुन्या काँक्रीटवर टाकला तर तो आधी कडेला सुटतो मग पोकळ वाजायला लागतो, आणि तुमच्याकडे तर खालचा तुकडाच हलतोय, मग वरचा थर कशाच्या जोरावर टिकणार.

भेगांचे दोन प्रकार समजून घ्या. काँक्रीट सुकताना आक्रसतं त्याच्या भेगा बारीक असतात, केसासारख्या, आणि दोन्ही बाजू एका लेव्हलला राहतात. त्या दिसायला वाईट, बाकी निरुपद्रवी. तुमच्याकडे एक बाजू खाली गेलीये, म्हणजे काँक्रीटचा दोष कमी, खालची जमीन गेलीये. अशा भेगेत सिमेंटचं पाणी ओतणं म्हणजे हलत्या दातात सिमेंट भरण्यासारखं, सिमेंट कडक होतं, ताणलं जात नाही, तुकडा अर्धा मिलिमीटर हलला की तुटतं.

तीन गोष्टी बघून सांगा. छपराच्या पाण्याचा पाइप नेमका कुठे सोडलाय? तुकड्यावर हातोडीने हळू टक टक करत गेलात तर आवाज कुठे बदलतो? आणि घराच्या भिंतीवर, मुख्य म्हणजे खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा गेल्यात का?

अंगणवाली

भाऊ नाही ताई 🙂

पाइप त्याच कोपऱ्यात उतरतो!! खालचा एल्बो (पाइपचा वळणाचा तुकडा) दोन वर्षांपूर्वी निघाला तो परत लावलाच नाही, सगळं पाणी भिंतीच्या बुडाशी पडतं. लाज वाटतेय लिहायला. आवाज कोपऱ्याकडे चक्क ढोलासारखा येतो आणि भेगेच्या पलीकडे घट्ट. फटीतून वायर घालून बघितली, वीतभर आत गेली कुठे न अडता. भिंतीवर तसं काही नाही, फक्त मागच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक बारीक रेष आहे, ती आधीपासून होती की आत्ताची ते आठवत नाही.

जुना गवंडी

ताई तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलंय.

घराच्या पायासाठी चर खणतात तो भिंतीपेक्षा रुंद असतो. भिंत वर आली की उरलेली जागा भरून टाकायची असते. नियम असा की पंधरा-वीस सेंटीमीटरचा थर टाकायचा, थोडं पाणी मारायचं, धुम्मस करायचं म्हणजे ठोकून घट्ट दाबायचं, मग पुढचा थर. प्रत्यक्षात काय होतं तर निघालेली माती, विटांचे तुकडे, रिकाम्या सिमेंटच्या गोण्या, कधी लाकडं सुद्धा, सगळं एका दमात लोटतात, वरून पायाने दाबतात आणि दुसऱ्या दिवशी काँक्रीट. खोटं कशाला बोलू, तरुणपणी मी पण केलंय हे, मुकादम म्हणायचा आपोआप बसतं. बसतं खरं, फक्त काँक्रीट ओतून झाल्यावर बसतं.

म्हणून घराभोवतीचं काँक्रीट जवळजवळ नेहमी भिंतीकडेच कलतं, बाहेरची बाजू न खणलेल्या मातीवर असते ती जागची हलत नाही. आणि तुमच्याकडे त्यावर छपराचं पाणी दोन वर्षं. पाणी आधी सैल भर दाबतं, मग बारीक माती घेऊन निघून जातं, खाली पोकळी राहते. उंदीर-घुशींनी बीळ केलं असेल तर पाण्याला वाट आयतीच.

पहिलं काम एल्बो लावा आणि पाइप लांब न्या, भिंतीपासून निदान दीड-दोन मीटर. आजच. बाकी सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल.

भंगारपेटी

फोमबद्दल मी सांगतो, आमच्याकडे गाडी लावायच्या जागेचे दोन स्लॅब उचलून घेतलेत. 16 मिमीची भोकं पाडतात, त्यातून दोन रसायनं एकत्र करून सोडतात, ती फुगतात, स्लॅब डोळ्यांसमोर वर येतो, बघायला मजा वाटते. थोड्या वेळात कडक होतं, त्याच दिवशी वापर सुरू. जुनी पद्धत सिमेंट-मातीच्या पातळ मालाची, त्याला भोकं मोठी लागतात आणि माल जड असल्यामुळे आधीच कमजोर असलेल्या जमिनीवर अजून वजन पडतं. फोमचं वजन नगण्य.

पण एक किस्सा ऐका. त्याच्या आधी आम्ही बाजूच्या पॅसेजला सिमेंटचा माल पंप करून घेतला होता, एका ठेकेदाराने. माल जातोय जातोय, स्लॅब काही उचलेना, आम्ही आपले खुश की पोकळी भरतेय. संध्याकाळी संडासाचं पाणी उतरेना. खालचा ड्रेनेज पाइप फुटलेला होता, त्यातूनच माती वाहून गेली होती आणि माल सगळा त्यात गेला. पाइप खणून बदलावा लागला, चेंबर छन्नीने फोडून साफ केला. तेव्हापासून कोणी खाली काही भरायचं म्हणालं की मी आधी विचारतो, पाइप तपासला का.

ताई तुम्ही पण तपासा. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरवर लक्ष ठेवा, तासाभरात काटा हलला तर पाण्याची लाइन गळतेय. ड्रेनेजसाठी रंगीत पाणी सोडून चेंबरला किती येतं बघा, ही पद्धत अगदी ढोबळ आहे, शंका आली तर पाइपात कॅमेरा घालून बघणारे असतात त्यांना बोलवा.

ओळंबा

फोम चांगला आहे, वाद नाही. पण या केसमध्ये मला तो मशीन आणून माशी मारण्यासारखा वाटतो. हिशोब करा, खचलेला तुकडा 1.2 बाय 2 मीटर, जाडी 0.1, म्हणजे 0.24 घनमीटर. काँक्रीट घनमीटरला 2400 किलोच्या आसपास, तर सगळा तुकडा पावणेसहाशे किलोचा. एवढा तुकडा दोन माणसं एका दिवसात फोडून बाहेर काढतात. आणि फोडला की खाली काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं, फोम भरला की कुजकी लाकडं, गोण्या, फुटका पाइप सगळं कायमचं झाकलं जातं. स्लॅब मोठा असेल, अखंड असेल, वर फरशी असेल तर उचलणं शहाणपणाचं. तुटका कोपरा उचलून भेग तशीच राहते, ती परत भरावी लागतेच.

आख्खी पट्टी फोडू नका मात्र. पलीकडचा भाग घट्ट वाजतोय ना, राहू द्या. ग्राइंडरने सरळ रेघ कापून घ्या म्हणजे कड वाकडीतिकडी निघणार नाही. आतली सैल भर घट्ट लागेपर्यंत काढा, मग मुरूम किंवा खडीची कच थर देत धुमसून भरा. काळी माती परत भरू नका, ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, पुढच्या वर्षी इथेच भेटू आपण. उतार मीटरला 2 सेंटीमीटर, भिंतीपासून बाहेर. मिस्त्रीला तोंडी सांगून उपयोग नाही, दोरी बांधून भिंतीवर खूण करून द्या.

काँक्रीट 1:1.5:3 (सिमेंट, वाळू, खडी) आणि पाणी आवरा! 50 किलोच्या गोणीला 25 लिटरच्या वर जाऊ नका, वाळू ओली असेल तर अजून कमी. मिस्त्री लोकांना माल पसरायला सोपा हवा म्हणून पाणी ढकलतात, तेच जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि काँक्रीट आक्रसून फाटतं. वरून कोरडं सिमेंट भुरभुरवून घोटू देऊ नका, त्याचे पोपडे निघतात. आणि सात दिवस ओल्या पोत्यांखाली ठेवा, सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवणं म्हणजे क्युरिंग नव्हे, दुपारी ते कडकडीत वाळलेलं असतं.

भिंत आणि नवीन काँक्रीट यांच्यात 12 मिमीची थर्माकोलची पट्टी ठेवा, चिकटवून ओतू नका. पट्टी उद्या दोन मिलिमीटर बसली तर भिंतीच्या गिलाव्याला ओढणार नाही.

पाणसळ

ओळंबाशी सहमत. ताई ती खिडकीची रेष राहिली. भेगेची दोन्ही टोकं कुठे संपतात तिथे पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा, आणि मधे काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना इपॉक्सीने चिकटवा. काच तडकली किंवा भेग खुणेच्या पुढे गेली तर ती जिवंत आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या, कारण जमीन ओली-कोरडी होताना थोडी हलते. पण भेग पायऱ्यापायऱ्यांनी विटांच्या सांध्यातून जात असेल, एका टोकाला रुंद होत असेल किंवा दार-खिडकी अडायला लागली तर काचेची वाट बघायची नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. ती परीक्षा फोरमवर होत नाही.

अंगणवाली

अपडेट द्यायला आले. मीटर हलला नाही, रंगीत पाणी पण चेंबरला नीट आलं. पाइप लांब नेलाय. तुकडा फोडला. खाली काय निघालं विचारू नका, दोन गोण्या, एक घमेलं (!), आणि भिंतीलगत जवळपास फूटभर पोकळी. घमेलं बघून मिस्त्री पण हसला. खोलवर माती घट्ट लागेपर्यंत काढली, मग मुरूम पाच थरांत भरला, प्रत्येक थराला मी उभी होते, तिसऱ्या थराला मिस्त्री वैतागला पण केलं त्याने. उद्या ओतायचंय.

दोन शंका. जुन्या आणि नव्या काँक्रीटचा सांधा एकजीव करायचा का, मिस्त्री म्हणतो सळ्या घालून बाँडिंग केमिकल लावतो. आणि ती थर्माकोलची पट्टी तशीच उघडी राहिली तर पाणी तिथूनच खाली जाणार ना?

जुना गवंडी

घमेलं! आमच्या वेळी एक टोपलं गेलं होतं.

सांध्याला बाँडिंग लावू नका ताई, तिथे सांधाच हवाय. चार इंचाच्या काँक्रीटला अडीच-तीन मीटरवर सांधा द्यावाच लागतो, नाही दिला तर ते स्वतः कुठेतरी फाटून घेतं, तुमची पहिली भेग अशीच आली असणार आणि मग खचताना तीच उघडली. सळ्या घालायच्या तर 12 मिमीच्या गुळगुळीत, एक टोक जुन्यात पक्कं आणि दुसऱ्या टोकाला ग्रीस, म्हणजे बाजू वरखाली होणार नाहीत पण आक्रसायला मोकळ्या राहतील. एवढ्याशा तुकड्याला नाही घातल्या तरी आभाळ कोसळत नाही, खाली धुम्मस नीट झालंय ते जास्त महत्त्वाचं.

ओळंबा

थर्माकोल वरून 20-22 मिमी कापून काढा, पण आत्ता नाही, काँक्रीट नीट वाळल्यावर, महिन्याने केलं तरी चालेल. त्या खाचेत 15 मिमीची फोमची गोल दोरी दाबून बसवा, बॅकर रॉड म्हणतात तिला, आणि वर 6 मिमी पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे रबरासारखं ताणलं जाणारं भरण. रुंदीच्या निम्मी जाडी. सीलंट दोन्ही बाजूंनाच चिकटलं पाहिजे, तळाला चिकटलं तर ताणताना फाटतं, दोरी त्यासाठीच. आधी ब्रशने धूळ काढा आणि खाच पूर्ण कोरडी असू द्या. जुन्या-नव्या सांध्याला पण हेच, तिथे ओतायच्या आधी पट्टी लावायला विसरलात तर नंतर ग्राइंडरने खाच पाडावी लागेल.

अंगणवाली

बरं झालं आज विचारलं, तिथे पट्टी लावायची हे माझ्या डोक्यातच नव्हतं. एक थर्माकोलची शीट आहे टीव्हीच्या खोक्यातली, पण ती 20 मिमी जाड आहे. चालेल का?

ओळंबा

चालेल, पण मग दोरी 25 मिमीची आणि सीलंट 10 मिमी लागेल, तुमच्या दोन ट्यूब जास्त जातील. 12 ची शोधा.