सायफायमधला स्लो-बर्न (हळूहळू जुळत जाणारं प्रेम): ताटकळत ठेवायचं तर कारणही द्या ना

निशाचर:
परवापासून एक्स-फाइल्स पुन्हा पहिल्यापासून बघतेय. एफबीआयचे दोन तपासनीस, परग्रहवासीयांवर विश्वास असलेला मल्डर आणि शंकेखोर स्कली. माझ्या मते या दोघांइतकं मुरलेलं प्रेम टीव्हीवर दुसरं नाही. १९९३ला मालिका सुरू झाली तेव्हा स्कलीला मल्डरच्या कामावर नजर ठेवायलाच पाठवलेलं असतं, आणि पहिलं खरं चुंबन येतं सातव्या सीझनमध्ये, १९९९ला, हॉस्पिटलमध्ये टीव्हीवर नवीन वर्षाचा जल्लोष चालू असताना. मधल्या सहा वर्षांत तिच्या शंका त्याला हव्याशा वाटायला लागतात आणि त्याचं वेड ती जिवापाड जपते. लगेच जुळलं असतं तर हे काहीच दिसलं नसतं.

कोरडी_विहीर:
साफ असहमत. एक्स-फाइल्सच्याच १९९८च्या सिनेमात ओठ टेकणार तेवढ्यात तिला मधमाशी डसते, आठवतंय ना? मी थिएटरात अक्षरशः चिडले होते. आपल्याकडे मालिकेत ऐन कबुलीच्या वेळी फोन वाजतो, तसंच हे, पाणी घालून वाढवणं. स्लो-बर्नमध्ये दर टप्प्यावर माणसं बदलायला हवीत, नुसतं पुढे ढकलून काय होतं!

निशाचर:
अगं पण ती मधमाशी उगाच नाही आली, तिच्यातूनच तर विषाणू पसरतो, पुढचं अख्खं कथानक त्या डंखावर उभं आहे. फोनशी तुलना नाही पटत.

कोरडी_विहीर:
कारण आहे, पण त्या दोघांच्या मनातलं नाही. उर्सुला ल गुइनची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही कादंबरी वाच, १९६९ची. दुसऱ्या जगातून आलेला दूत गेन्ली आय आणि तिथला एस्ट्रावेन सुमारे ८० दिवस बर्फातून स्लेज ओढत जातात, रात्री एकाच तंबूत. एस्ट्रावेनच्या जगात माणूस एरवी ना बाई ना पुरुष, महिन्यातून थोडेच दिवस त्यातलं एक काहीतरी होतो, आणि ते दिवस वाटेतच येतात. तेव्हा कुठे गेन्लीला कळतं की आपण याला इतके दिवस अर्धाच बघत होतो. तरी ते एकमेकांना स्पर्श करत नाहीत, ठरवून. आणि गेन्ली मनाने बोलायला शिकवतो तेव्हा एस्ट्रावेनला त्याचा आवाज स्वतःच्या मेलेल्या भावाचा म्हणून ऐकू येतो! मी तिथे पुस्तक मिटून बसले होते. हे दुसऱ्या कुठल्या जगात घडूच शकत नाही.

उल्का७:
पुस्तक थोरच, पण त्याला रोमान्स म्हणायला माझा जीव धजत नाही. इतकं तापवून शेवटी भेटच नाही? मला डीप स्पेस नाइन या स्टार ट्रेक मालिकेतले ओडो आणि त्याची सहकारी किरा जवळचे. ओडो आकार बदलणारा, सुरुवातीला रोज बादलीत द्रव होऊन विसावा घेणारा. वर्षानुवर्षं गप्प. १९९७च्या एका भागात २०० वर्षं म्हातारा झालेला ओडो तिला सगळं सांगतो, आणि ती जगावी म्हणून ८००० माणसांची वस्तीच काळातून पुसून टाकतो. किरा हादरते. पुढच्या सीझनमध्ये एकत्र येतात तेव्हा हेही त्यांच्यामध्ये असतंच.

कोरडी_विहीर:
८००० जीव गेले आणि आपण त्याला प्रेम म्हणायचं? मला नाही जमणार.

उल्का७:
मी त्याला माफ नाही करत. पण इतकी वर्षं दाबलेलं असं भयंकर होऊन बाहेर पडतं हे दाखवलं, म्हणून तर मला ते खरं वाटतं.

निशाचर:
ओडोचं मान्य, तिथे थांबण्याची किंमत दिसते, तेवढी एक्स-फाइल्समध्ये नाही दिसत. मधमाशी मात्र मी सोडणार नाही. डसायच्या आधी त्याच्या फ्लॅटबाहेर मल्डर तिला सांगतो की तुझ्यामुळे मी पूर्ण झालो. चुंबन हुकलं पण कबुली झाली, त्यामुळे मला फसवलं गेल्यासारखं तेव्हाही वाटलं नव्हतं आणि आत्ताही वाटत नाही.