बंडखोर, बंडवाला की बागी?

लष्करकर : ग्वाल्हेरला आमच्या गणपतीत यंदा उमाजी नाईकांवर फलक करतोय, मराठीत आणि हिंदीत. मी लिहिलं, ‘पुरंदरच्या भिवडीचे उमाजी नाईक, इंग्रजांविरुद्धचे बंडखोर.’ भाची विचारते, “मामा, ह्यांना कुठल्या पक्षानं तिकीट नाकारलं?” पोर अगदी मनापासून विचारत होती. हिंदीत ‘बागी’ चपखल बसला. मराठीत काय लिहू?

मोडीवाचक : बंडखोरच लिहा. निवडणुकीवाल्यांनी वापरला म्हणून आपण आपला शब्द का सोडायचा?

शिंदेछावणी : ‘खोर’ला माझी हरकत आहे. लाचखोर, चहाडखोर, भांडखोर, हरामखोर. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फासावर गेलेला माणूस ह्या पंगतीत बसवायचा? क्रांतिवीर लिहा.

मोडीवाचक : उमाजींच्या काळी हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. उमाजींचे रामोशी लोक पुरंदर किल्ल्याची राखण करायचे. राखण गेली, वतनं गेली, तेव्हा ते उठले. ह्याला बंडच म्हणतात. बंड म्हटलं की कशासाठी केलं, हे तरी कुणी विचारतं. क्रांतिवीर म्हटलं की हार घातला, झालं.

मुरारवाली : मराठीतही बागीच ठेवा ना. चंबळेकडे डाकू म्हटलं तर शिवी. बागी म्हणजे अन्याय सोसवेना म्हणून बीहडात, चंबळेच्या घळींत, उतरलेला. १९७२ साली जौऱ्याला जयप्रकाश नारायणांपुढे ज्यांनी बंदुका ठेवल्या, त्यांनाही इथे बागीच म्हणतात. इंग्रजांनी नाईकांना लुटारू ठरवलं, त्याला ह्याहून नेमकं उत्तर नाही.

शिंदेछावणी : दोन पिढ्या इथे राहून आपलं मराठी आधीच निम्मं हिंदी झालंय. ‘मी चालली जाईन’ म्हणतात आमच्याकडच्या मुली. निदान फलकावर तरी मराठी राहू द्या.

मुरारवाली : बागी बाहेरचा म्हणून नको, मग ‘खोर’ तरी कुठला? फारसीच ना?

मोडीवाचक : तो मुरलाय. ‘बंड’ तर पोरांनाही म्हणतो आपण, “फार बंड आहे हा!” बंड्या हे लाडाचं नाव त्यावरूनच आलं असावं, असं माझं मत.

शिंदेछावणी : काहीतरीच. माझ्या धाकट्या काकांना सगळे बंड्या म्हणायचे, इतका गरीब माणूस मी पाहिला नाही.

लष्करकर : वाचता वाचता आजी आठवली. ती ‘बंडवाले’ म्हणायची. पण सत्तावन्नाला कधी बंड म्हणाली नाही, तो ‘गदर’. “गदरात जयाजीराव आग्र्याला गेले, तेव्हा सासूबाईंच्या आजीनं नथ आणि पाटल्या जात्याखाली पुरल्या,” असं सांगताना बोटानं जात्याची जागा दाखवायची. पलटणी फिरल्या तो गदर, गावची माणसं उठली ते बंड, असा तिचा हिशेब.

मोडीवाचक : हा भेद मोलाचा आहे. आजींचं माहेर कुठलं?

लष्करकर : सासवड. आणि उमाजींना ती नुसतं ‘नाईक’ म्हणायची. पुढेमागे काही लावायची नाही.

शिंदेछावणी : सासवडला ‘बंडवाले’? माझ्या सासूबाईही तिकडच्याच, त्या ‘बंडकरी’ म्हणतात. आज संध्याकाळी पुन्हा विचारते.